इनलेटची झळाळी

सरनोबतांची गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. अण्णा व्हाइसच्या जबड्यात धरलेल्या कामावर वाकले होते. त्यांनी ग्राइंडर बंद केला, मान वर न करता ऐकलं आणि हात पुसायला फडकं ओढलं. मी दारातल्या स्टुलावर वाचत बसले होते.

"वळताना खोकली," अण्णा म्हणाले.

लाल, दोन माणसांची, बिनटपाची एम.जी. दुकानासमोर येऊन थांबली. भैयासाहेब सरनोबतांच्या वडिलांनी ती एका गोऱ्या इंजिनिअरकडून घेतली होती, आणि वडिलांमागं भैयासाहेबांनी शेती, घर, नातेवाईक यांपेक्षा तिचीच काळजी जास्त घेतली, असं सगळं उद्यमनगर म्हणायचं. महिन्यापूर्वी अण्णांनी तिचं हेड करून दिलं होतं. आता पंधरवड्यावर घाटातली शर्यत होती. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकेक गाडी सोडायची, कोण कमी वेळात चढतो ते बघायचं. भैयासाहेब दरवर्षी भाग घेत आणि दरवर्षी कुणातरी तरुण पोराच्या मागं राहत. या वर्षी मात्र त्यांनी आधीच चारचौघांत सांगून ठेवलं होतं की आपल्या गाडीला पोतदार मिस्त्रींचा हात लागलाय.

ते उतरले, टोपी काढून बॉनेटवर ठेवली. सरळ रस्त्यावर बाणासारखी जाते, त्यांनी सांगितलं. पण घाटातलं आवळ वळण आलं, वेग कमी केला आणि पुन्हा पाय दिला, की क्षणभर काहीच होत नाही. मग खोकते, मग निघते.

"मिस्त्री, पाय दिल्यावर गाडी विचार करायला लागली तर कसं व्हायचं? विचार करायचं काम माझं."

शेजारच्या लेथवरून मुल्लाचाचा म्हणाले, "ते तरी कुठं करताय, भैयासाहेब."

सगळे हसले. अण्णाही हसले, पण त्यांचं लक्ष गाडीकडे होतं. बॉनेट उघडून ते कार्बोरेटरवर कान देऊन उभे राहिले.

माझे वडील गजानन पोतदार हे मूळचे हुपरीचे. घरात पिढ्यानपिढ्या चांदीचं काम. पैंजण, जोडवी, तोडे. घडवणारे चुलते होते, उजळायचं काम अण्णांकडे होतं. रिठ्याच्या पाण्यात धुवायचं, पितळी ब्रशनं घासायचं, मग पॉलिश. तीन भावांचं पोट एका भट्टीवर भरेना, तेव्हा धाकटे म्हणून अण्णा कोल्हापूरला आले, फाउंड्रीत लागले आणि पुढं उद्यमनगरात एक गाळा घेऊन इंजिनांची हेडं करू लागले. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. त्यात दोन तऱ्हेच्या वाटा असतात. एका वाटेनं हवा आणि पेट्रोल आत जातं, ती इनलेट. दुसरीनं धूर बाहेर पडतो, ती एक्झॉस्ट. कारखान्यातून येतात तेव्हा या वाटा आतून खरबरीत असतात, जोडाशी पायरी राहिलेली असते, वळणाशी गाठ असते. अण्णा ग्राइंडरनं त्या मोकळ्या करत, गाठी काढत, मॅनिफोल्डचं, म्हणजे हेडला जोडणाऱ्या नळ्यांचं, तोंड आणि हेडचं तोंड एकमेकांवर केसभरही पुढंमागं नाही असं जुळवत. गाडीची ताकद वाढे ती यानं. एवढं तर मुंबई-पुण्यातले चार मिस्त्रीही करत होते.

अण्णा त्याच्यापुढं एक गोष्ट करत. आतली वाट ते चांदीसारखी उजळत. नमद्याचं फिरतं चाक, त्यावर पॉलिशची वडी, मग सुती चिंधी, मग नुसतं बोट. बिडाच्या त्या बोगद्यात बॅटरी मारली की डोळे दिपत. त्यांच्या हेडाची उद्यमनगरात एक रीतच पडली होती. हेड बसवायच्या आधी एक दिवस ते दुकानाच्या बाकावर उघडं ठेवायचं. मालक नारळ फोडायचा, हेडच्या कोपऱ्यावर कुंकू लावायचा आणि आसपासच्या गाळ्यांतली माणसं चहा घेत येऊन एकेकानं आत डोकवायची. 'हेड बघायला चाललोय' म्हटलं की कुणाचं ते विचारावं लागत नसे. सरनोबतांचं हेड बघायला तर इचलकरंजीहून माणसं आली होती. एका म्हाताऱ्या फाउंड्रीवाल्यानं आत बघितलं आणि म्हणाला, यात तोंड बघून दाढी करता येईल. अण्णांनी ते वाक्य आईला घरी येऊन सांगितलं होतं. ते सहसा असलं काही सांगत नसत.

तीच गाडी आता खोकत होती.

पुढच्या दिवसांत अण्णांनी करायचं ते सगळं केलं. कार्बोरेटर दोन, ते एकमेकांशी जुळवले. त्यांच्या पेट्रोलच्या सुया बदलल्या. टायमिंग पुढंमागं केलं. प्लग नवे घातले, मग जुने घातले. दर खेपेला भैयासाहेब गाडी घेऊन घाटात जात आणि अण्णा शेजारच्या सीटवर बसून ऐकत. परत आले की दोघांच्या तोंडाकडे बघूनच कळे.

एकदा मीही मागं स्कूटरवरून गेले. त्या आवळ वळणावर उभी राहिले. गाडी खालून आली, वळली, आणि जिथं तिनं उसळी घ्यायला हवी तिथं अडखळली, घसा साफ केल्यासारखा आवाज केला आणि मग गेली. अण्णा आत बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी भैयासाहेब फार सौजन्यानं बोलले, आणि तेच वाईट होतं. ते म्हणाले, मिस्त्री, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पुण्यात एक जण आलाय, परदेशातून शिकून. दोन दिवसांत नाही जमलं तर तिकडं नेऊन बघतो. शर्यत तोंडावर आली आहे.

"बघा की," अण्णा म्हणाले.

कोल्हापुरात 'बघा की' अनेक तऱ्हांनी म्हणतात. ही त्यातली कुठली होती ते मुल्लाचाचांनाही कळलं. त्यांनी लेथ बंद केलं आणि उगाच ऑइलचा डबा शोधू लागले. सरनोबतांची एम.जी. पुण्याला गेली की दुसऱ्या दिवशी सगळ्या उद्यमनगराला कळणार होतं, आणि ज्या हेडला नारळ फुटला तेच उघडून तिथला माणूस आत बघणार होता.

मी त्या वेळी एम.एस्सी. होऊन घरी होते. सांगलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची नेमणूक हातात आली होती आणि पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं. वाचायचं मला वेड होतं, मिळेल ते वाचायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाहूपुरीतल्या रद्दीवाल्याकडे गेले. त्याच्याकडे मोटारींच्या जुन्या इंग्रजी मासिकांचा ढीग आहे हे मला माहीत होतं. दुपारपर्यंत त्याच्या दुकानात मांडी घालून बसले. हवं ते एका लेखात सापडलं. शर्यतीच्या गाड्यांची हेडं करणाऱ्या एका इंग्रजानं लिहिलं होतं. फार मोठं नव्हतं, पान-दीड पान.

अण्णांना मी ते जेवताना सांगितलं. आईनं डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी दिली होती. मी आधी बराच वेळ दुसरंच बोलले.

"अण्णा, पेट्रोल आत जातं ते धुक्यासारखं जायला पाहिजे न्हवं?"

"व्हय. म्हणून तर कार्बोरेटर."

"वाटेच्या भिंती फार गुळगुळीत असल्या, तर ते धुकं भिंतीला धरतंय. थेंब होतात, थेंबांचा ओघळ होतो. गाडी वेगात असली की हवा सगळं ओढून नेते, कळत नाही. वळणावर हवा मंद होते. मग धुक्याऐवजी ओघळच आत पडतोय. खोकणारच ती."

त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवला.

"भिंत जरा खरबरीत असली तर भिंतीलगतची हवा घुसळत राहते," मी म्हटलं. "धुकं मोडत नाही. एक्झॉस्ट उजळलेलाच बरा, काजळी धरत नाही. पण इनलेट... एमरी कागद मारून सोडावा, असं लिहिलंय."

मी धरून चालले होते की ते वाद घालतील. त्यांनी वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी तुकडा डब्यात परत ठेवला. मग म्हणाले,

"उजळलेल्या ताटात पाण्याचा हबका मारला की पाणी कसं पळतंय, बघितलंस काय? गोळा होऊन एका धारेनं जातंय. न उजळलेल्यावर तसं पळत न्हाई." त्यांनी पाण्याचा तांब्या उचलला. "हे मला ठाऊक होतं. हुपरीत रोज बघत होतो. इथं आणून जोडलं न्हाई, एवढंच."

जेवण झाल्यावर त्यांनी भैयासाहेबांकडे निरोप पाठवला की गाडी आणा, हेड काढायचं आहे.

हेड उतरवून बाकावर आलं तेव्हा दुपार कलली होती. भैयासाहेब उभे होते. अण्णांनी त्यांना स्पष्ट सांगितलं, चूक आपली होती, आतली झळाळी काढून टाकायची. भैयासाहेबांचं तोंड उतरलं. झळाळी काढायची म्हणजे काय, लोकांनी बघितलंय ते हेड, त्यांनी विचारलं. मग तुम्ही पुण्याला न्या, अण्णा म्हणाले, तिथं पण हेच करतील. भैयासाहेब घुटमळले आणि मग करा म्हणाले. आपल्याच्यानं बघवायचं नाही म्हणत ते चहाला निघून गेले.

अण्णांनी एक सळई घेतली, टोकाला करवतीनं चीर पाडली, त्या चिरेत जाड एमरीची पट्टी अडकवली आणि सळई ड्रिलमध्ये घट्ट केली. ड्रिल सुरू केला की पट्टी फरफर फिरे. त्यांनी तो हातात घेतला, हेडावर वाकले. इनलेटच्या तोंडापर्यंत नेला आणि थांबले. बंद केला. पुन्हा आत बघितलं.

"वैजू."

"हं."

"मला होणार न्हाई. तू कर."

मी नको म्हटलं. मी कधी हात लावला नव्हता. लहानपणापासून त्या गाळ्यात बसत आले होते, पण वाचत. अण्णांनी ऐकलं नाही. ड्रिल माझ्या हातात दिला आणि स्वतः हँडलॅम्प उचलून हेडाच्या पलीकडे उभे राहिले, उजेड सरळ वाटेत पडेल असा धरून.

पहिला घाव मी घातला तेव्हा आतून एक राखाडी पट्टा उमटला. आरशावर हात फिरवल्यासारखा. मी थांबले.

"मनगट सैल सोड," अण्णा म्हणाले. "दाबायचं न्हाई. पट्टीला आपली वाट आपण काढू दे."

मी पुन्हा सुरू केलं. ते दिवा हलवत होते, सांगत होते. वळणाशी हात उचल. एका जागी थांबू नको, खड्डा पडंल. व्हॉल्व्हच्या बैठकीला लागू देऊ नको. आता बाहेर ये, फुंकर मार, बघ. मला घाम फुटला होता. माझ्या प्रत्येक फेरीबरोबर त्यांचं महिन्याभराचं काम राखाडी होत चाललं होतं, आणि ते दिवा धरून उभे होते. मला वाटलं, ओरडले असते तरी चाललं असतं.

शेवटच्या वाटेला त्यांनी काही सांगितलं नाही. नुसते बघत राहिले. झाल्यावर त्यांनी फडक्यानं पुसून घेतलं, करंगळीशेजारचं बोट आत घातलं, डोळे मिटून फिरवलं. चारही सिलिंडरांच्या वाटा तशाच तपासल्या.

"हं," म्हणाले. "एकसारखं आलंय. हात हाय तुला."

मी ते समजूत घालणं समजले. हात धुवायला गेले तर साबणानं काळं निघेना, आणि मला रडू आलं. मुल्लाचाचा नळाशी उभे होते, त्यांनी रॉकेलची बाटली पुढं केली आणि दुसरीकडे बघू लागले.

हेड बसवलं, पण या वेळी बाकावर ठेवलं नाही, नारळही नाही. भैयासाहेब गाडी घेऊन घाटात गेले आणि परत आले ते हॉर्न वाजवत आले. वळणावर पाय दिला की गाडी हातातून सुटल्यासारखी उसळत होती. शर्यतीत जुन्या गाड्यांत ती पहिली आली. सगळ्या गाड्यांत कितवी आली ते कुणी विचारलं नाही. संध्याकाळी भैयासाहेबांनी उद्यमनगरात पेढे वाटले, अण्णांच्या गळ्यात हार घातला. चाळीस-पन्नास माणसं जमली होती. अण्णांनी हार काढून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "इनलेट हिनं केलंय. वैजूनं."

लोक हसले. लेकीचं कौतुक म्हणून हसले, प्रेमानंच. भैयासाहेब म्हणाले, मिस्त्री, आता पोरीला हुंड्यात ग्राइंडर देणार वाटतं. अण्णा हसले नाहीत. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा हळू.

घरी येताना मी त्यांना म्हटलं की कशाला सांगायचं असलं, लोक चेष्टा करतात. तुमचंच काम आहे ते, मी तर नुसती सळई धरली होती. तुमचं नाव आहे.

"दुसऱ्यानं केलेलं काम आपलं म्हणून कसं सांगायचं?" अण्णा म्हणाले. "शोधलंस तू, केलंस तू."

पुढच्या महिन्यात मी सांगलीला हजर झाले. लग्न झालं ते सांगलीतच. रविवारी कोल्हापूरला यायचे, दर रविवारी नाही, पण बऱ्याचदा. तपासायचे पेपर बरोबर असत, नंतर मुलगी बरोबर असे. दुपारी अण्णा कपडे करून दारात उभे राहत आणि विचारत, "दुकानाकडं येतीस काय जरा?" मी म्हणे, पुढच्या वेळी. ते बरं म्हणून जात. त्यांना सोबत हवी असेल असं मला वाटे, आणि मुल्लाचाचा आहेत की तिथं, असंही वाटे.

हळूहळू दुकानातलं काम आटलं. 'पोतदारांचा हात गेला' असं मी दोनतीन ठिकाणी ऐकलं. वय झालं, डोळे थकले, असा अर्थ मी लावला. शेवटी शेवटी ते फक्त एक्झॉस्ट करत, व्हॉल्व्ह बसवून देत, किरकोळ. मी आईला म्हटलंही, आता बंद करायला सांग. आई म्हणाली, तूच सांग. मी सांगितलं नाही, आणि त्यांनी बंद केलं नाही.

या मार्गशीर्षात ते गेले. दिवस झाल्यावर मी गाळा आवरायला गेले. मुल्लाचाचांनी त्यांच्या लेथशेजारी खुर्ची टाकली, चहा सांगितला. ते आता कामाला बसत नाहीत, पण रोज येतात. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, भैयासाहेबांची गाडी पळाली त्याच्यानंतर गिऱ्हाइकांची रांग लागली होती, ठाऊक आहे ना तुला?

मला ठाऊक नव्हतं.

लोक हेड घेऊन येत, चाचा सांगू लागले. सरनोबतांसारखं करा म्हणत. मिस्त्री एक्झॉस्ट करून देत, तोंडं जुळवून देत, आणि इनलेटला हात लावत नसत. म्हणत, ते माझ्या लेकीचं काम आहे. मग लेकीला बोलवा, गिऱ्हाईक म्हणे. येईल रविवारी, मिस्त्री सांगत. काही जण हेड ठेवून जात, पुढचा रविवार, त्याच्या पुढचा रविवार वाट बघत, आणि मग अर्धंच झालेलं घेऊन दुसरीकडे जात. बाजारात बोलत, पोतदारांना आता इनलेट जमत नाही म्हणून पोरीचं नाव सांगतात.

"त्यांना येत होतं की चाचा," मी म्हटलं. "त्यांनीच तर शिकवलं मला. दिवा धरून."

"येत होतं म्हणजे? डोळं झाकून आलं असतं." चाचांनी कप खाली ठेवला. "मी भांडलो एकदा. म्हटलं, गजाभाऊ, कसला हट्ट हा, धंदा बसला की तुमचा. तिकडं ती मास्तरीण झाली, इकडं तुम्ही तिची हेडं राखत बसलाय. तर मला म्हणाले, 'इस्माईल, त्या दिवशी मी तिच्या हातात दिलंय ते. परत कसं मागून घेऊ?'"

लेथ बंद होतं. बाहेरून कुणाची तरी मोटारसायकल गेली.

इतकी वर्षं मी समजत होते, स्वतःच्या हातानं ती झळाळी त्यांना मोडवत नव्हती, म्हणून त्यांनी ड्रिल माझ्याकडे दिला.

"तुला कधी बोलले न्हाईत?" चाचांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "दुकानाकडं येतीस काय, एवढंच विचारायचे."